गाळलेली वाक्यं

१७ मार्च, सोमवार

वन्सं,

चार वर्षांनी लिहीत आहे. मधली चार वर्षं का गेली ते आपल्या दोघींनाही माहीत आहे, त्यामुळे त्यावर शाई घालवत नाही.

पाकिटात एक पोस्टकार्ड आहे. शनिवारी आलं. मजकूर बंगालीत आहे, असं पोस्टमास्तर म्हणाले. वाचता त्यांनाही येत नाही. इथे कुणालाच येत नाही. तुमच्या यजमानांच्या गिरणीच्या नोकरीपायी तुम्ही एकोणीस वर्षं बंगाली बोलणाऱ्यांत काढलीत, म्हणून तुम्हाला पाठवते आहे.

पत्ता हाताने लिहिलेला नाही. माझ्या टायपिंग-शॉर्टहँड इन्स्टिट्यूटच्या छापील कागदाचं डोकं कापून चिकटवलं आहे. असा कागद इतक्या लांब एकाच माणसाच्या ट्रंकेत असू शकतो. चार वर्षांत चिरंजीवांकडून आलेलं हे पहिलं काही, आणि तेही त्यानं लिहिलेलं नाही. दुसऱ्या कुणाला त्याच्या ट्रंकेत हात का घालावा लागला, हे मी शनिवारपासून स्वतःला विचारते आहे. आज वर्गात एका मुलीनं सबंध ओळ चुकीची टाइप केली आणि मी त्यावर बरोबरची खूण करून पुढे गेले.

शब्दाला शब्द कळवा. तुमची भर नको. उलट टपाली लिहा.

वहिनी


२१ मार्च

वहिनी,

पाकिटावर तुमचं अक्षर पाहिलं आणि सूनबाईला म्हटलं, "बस गं खाली, कुणीतरी गेलं." मग फोडलं. कुणी गेलेलं नाही. आधी एवढं वाचा, श्वास घ्या, मग पुढे.

कार्ड एका घरमालकीणबाईंचं आहे. अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण बाई सरळ दिसते. लिहिते: "तुमचा मुलगा माझ्या घरी वरच्या खोलीत राहतो. त्याला क्षय झाला आहे. दवाखान्याच्या गोळ्या दीड वर्ष न चुकता घ्यायच्या असतात. तो दोनदा मध्येच सोडून बसला. आता तिसऱ्यांदा सुरू केल्या आहेत. या वेळी खंड पडला तर आमच्या हातात काही उरणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी परकी बाई, किती सांगणार? तुम्ही या." खाली पत्ता आहे.

वहिनी, जा. लगेच जा.

त्या वेळी मी तुम्हाला बोलले ते मागे घेत नाही. आपल्या टकटक्यानं, तुमच्या लेकानं, मित्राच्या जागी बसून शॉर्टहँडचा पेपर दिला, ही त्याची चूकच. पण परीक्षा केंद्राच्या प्रमुख तुम्ही, पेपरातलं त्याचं वळण ओळखणाऱ्या तुम्ही, आणि सही करून वर तक्रारीचा अर्ज पाठवणाऱ्याही तुम्हीच. पोराला आधी एकदा खोलीत घेऊन थोबाडीत मारली असतीत तरी चाललं असतं. त्याला पाच वर्षांची बंदी झाल्याचं कळलं ते नोटीस बोर्डावरून. झालं ते झालं. आता तो आजारी आहे, बस्स.

मीच गेले असते. पण जानेवारीत बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, अजून पलंगावर आहे. घरात सगळे म्हणतात, आता तरी एका जागी बसलीस.

कार्ड परत पाठवते आहे. पत्ता मागे देवनागरीत लिहिला आहे.

वन्सं


२५ मार्च

वन्सं,

खुब्याचं वाचून वाईट वाटलं. कळवायचं होतं. की नव्हतं कळवायचं, तेही समजू शकते.

कार्डावर अकरा ओळी आहेत. पाठवण्याआधी मोजल्या होत्या. तुमचं भाषांतर सहा-सात ओळींत संपतं. राहिलेल्या ओळींत काय आहे?

सरकारी परीक्षा सात एप्रिलला संपते. नऊ तारखेच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. प्रवास दोन दिवसांचा, म्हणजे अकराला पोचेन. परीक्षा सोडून आजच का जात नाही, असं तुम्ही विचाराल. एकशे चाळीस मुलांचे अर्ज माझ्या सहीनं गेले आहेत. त्यांनी माझ्या मुलामुळे का खोळंबावं? रोज सकाळी हे मी स्वतःला समजावते. दुपारपर्यंत पुरतं.

मला वाक्यं हवी आहेत. भाषा नको, तेवढा वेळ नाही. हा पत्ता कुठे आहे. मी या मुलाची आई. तुमचं पत्र मिळालं. तो कसा आहे. औषध घेतो का. मी त्याला घरी न्यायला आले आहे. आणखी तुम्हाला जी लागतील असं वाटतं ती. उच्चार नीट लिहा. मी चुकीचं शिकून जाणार नाही.

वहिनी


२९ मार्च

वहिनी,

ओळी मोजल्यात! तुम्ही देवाच्या दारी गेलात तर तिथेही हजेरीचं रजिस्टर मागाल. अहो, बाईचं अक्षर ऐसपैस आहे, आणि शेवटी नमस्कार-चमत्कार, तिच्या गुडघेदुखीची कथा. त्यात तुमच्या कामाचं काही नाही.

घ्या वाक्यं. तोंड गोल ठेवायचं, गरम चहावर फुंकर घालताना ठेवतो तसं. आपल्या 'अ'चा तिकडे बरेचदा 'ओ' होतो.

ए ठिकानाटा कोथाय? हा पत्ता कुठे?
आमि एइ छेलेर मा. मी या मुलाची आई.
आपनार चिठि पेयेछि. तुमचं पत्र मिळालं.
ओ केमोन आछे? तो कसा आहे?
ओषुध खेयेछे? औषध घेतलं का त्यानं? तिकडे औषध खातात, पाणीसुद्धा खातात. पहिल्या वर्षी शेजारीण मला "जोल खान" म्हणाली आणि मी घाबरून घरात पळाले होते. कुणाला औषध घ्या म्हणायचं तर "ओषुध खान."
आमि ओके बाड़ि निये जेते एशेछि. मी त्याला घरी न्यायला आले आहे. पण वहिनी, हे वाक्य पहिल्याच दिवशी वापरू नका. घरात शिरा, बसा, बघा त्याला, मग.
आमि जाच्छि. मी जाते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हे गळ्यात बांधून ठेवा: आस्ते बोलुन, आमि बांग्ला जानि ना. सावकाश बोला, मला बंगाली येत नाही. प्रत्येक प्रश्नाला हे शेपूट जोडायचंच.

आणखी एक सांगते, हसू नका. थोडं वाईट बोला. अडखळा, चुका. तुम्ही जितकं मोडकं बोलाल तितकं समोरचा माणूस दमानं बोलतो. मी पहिली पाच वर्षं मोडकंच बोलले आणि सगळा मोहल्ला माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसा बोलायचा. त्यावर माझा संसार झाला.

वन्सं


७ एप्रिल

वन्सं,

परीक्षा संपली. सामान बांधलं. स्वेटर, दोन चादरी, च्यवनप्राश, थर्मामीटर.

वाक्यं तयार आहेत. वर्गात मुलींना देते तीच पद्धत: प्रत्येक वाक्य मशीनवर तीस वेळा, मग डोळे मिटून तीस वेळा तोंडानं, वेग वाढवत. काल कोपऱ्यावरच्या औषधविक्रेत्याला म्हणून दाखवली. त्याचे मेहुणे तिकडे असतात. तो म्हणाला, बाई, तुम्ही तिकडच्याच वाटता. समाधान वाटलं. बऱ्याच दिवसांत एखादी गोष्ट धड झाल्यासारखी.

वाईट बोलण्याची सूचना पाळता येणार नाही. ते मला जमत नाही. आणि "मला बंगाली येत नाही" हे वाक्य मी यादीतून काढलं आहे. येत नसेल तर शिकावं. येत नाही म्हणून सांगत काय सुटायचं?

तुम्ही विचाराल म्हणून: झोप लागत नाही. रोज दुपारी मधल्या सुट्टीत त्याच्या जुन्या मशीनपाशी जाऊन बसते. फीत वाळून गेली आहे, कळा दाबल्या तर कागदावर नुसते वळ उठतात.

बुधवारी निघते.

वहिनी


१३ एप्रिल, रविवार
एक्स्प्रेस टपालानं

वन्सं,

सोबतचे दोन कागद आधी वाचा. ते वाचून होईपर्यंत हे पत्र बाजूला ठेवलंत तरी चालेल. नाही, थांबा. क्रमानं सांगते.

शुक्रवारी पोचले. स्टेशनजवळ लॉज आहे. काल शनिवारी अकरा वाजता घर सापडलं. पत्ता विचारताना कुणालाही दोनदा सांगावं लागलं नाही. दुमजली घर, खाली शिलाईचं मशीन, दाराला लागूनच वर जाणारा जिना. बाई साठीच्या, ठेंगण्या. मी दारातच उभी राहून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, सलग म्हटलं: आपनार चिठि पेयेछि. आमि एइ छेलेर मा. आमि ओके बाड़ि निये जेते एशेछि. एकही अक्षर चुकलं नाही.

घरात शिरल्यावर म्हणा असं तुम्ही लिहिलं होतं, ते आठवत होतं. पण समोर दार दिसलं आणि मला थांबता आलं नाही.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझा हात धरून मला बाहेर रस्त्यावर आणलं, मागे दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात बोलायला लागल्या. काय बोलल्या! श्वास न घेता, मिनिटाला दीडशे शब्दांनी, मध्येमध्ये वर बघत. तुमचं ते शेपूट त्या क्षणी मला हवं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. मी घोटलेलंच नव्हतं.

मग मी मला येतं ते केलं. पिशवीतून वही काढली आणि शॉर्टहँडमध्ये घ्यायला लागले. शॉर्टहँड भाषा विचारत नाही, आवाज तेवढा घेते. मी लिहिते आहे हे पाहून त्यांना वाटलं असणार की मला सगळं समजतंय. शेवटी त्यांनी रस्त्याच्या टोकाकडे हात केला, लांब, दोनदा. आणि आत गेल्या.

तो हात म्हणजे तो गेला, असं मला कळलं. बोलण्यात "हाशपाताल" हा एक शब्द ओळखीचा होता. म्हणून मी तशीच मोठ्या रुग्णालयात गेले. भरती झालेल्यांच्या याद्या भिंतीवर लावतात. शेवटून सुरुवातीपर्यंत वाचल्या. आज सकाळी पुन्हा वाचल्या. एक इंग्रजी येणारा कारकून भेटला, त्यानं दोन रजिस्टरं उघडून पाहिली. या नावाचा कुणी नाही. रुग्णालयाच्या डाव्या अंगाला एक बुटकी इमारत आहे, खिडक्या नसलेली. तिथे जाऊन यादी विचारायची माझी हिंमत झाली नाही.

लॉजच्या व्यवस्थापकाला माझं टिपण वाचून दाखवलं. शॉर्टहँडमध्ये स्वर गाळतात, ते नंतर अर्थावरून भरायचे असतात. मला अर्थच माहीत नाही, तर काय भरणार? शब्द कुठे तुटतो तेही कळत नाही. तीनदा वाचलं. तो म्हणाला, बाई, ही बंगाली नाही. त्याला घेऊन आज त्या घरी गेले, तर दार बंद. वाटेत त्याला कळलं की क्षयाचं घर आहे. तेव्हापासून तो माझ्याशी दारातून बोलतो.

कागदांवर मी टिपण देवनागरीत उतरवलं आहे. सुरुवात अशी: "एतोजोरेबोल्लेन्केनो ओशिंडितेदांडियेआछे शोब्शुन्छे". कच्च्या जागी खाली रेघ मारली आहे. यात "जोर" आहे, म्हणजे तापाचा जोर असावा. तुम्हाला बंगाली येते आणि माझ्यासारखी माणसं कशी ऐकतात तेही माहीत आहे. तुम्हीच सोडवा.

तो मेला असेल तर "मेला" असं लिहा. गेला, निघाला, सुटला असं नको.

मी बाईंशी रस्त्यावर उभी होते तेव्हा आत वर जिन्यात कुणीतरी खोकत होतं. दुसरा भाडेकरू असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

वहिनी


१६ एप्रिल, दुपारी दीड
तार

जिवंत आहे. त्याच घरात. गुरुवार सकाळी दहा, मोठ्या रुग्णालयामागे क्षयाचा दवाखाना. जा. घरी चल म्हणू नका. वन्सं


१६ एप्रिल, बुधवार

वहिनी,

सूनबाई तार करायला धावत गेली आहे. उद्या दहाच्या आत पोचू दे म्हणून मी इथे पलंगावर उशी कुस्करत बसले आहे. पत्र तार मिळाल्यानंतर पोचेल, तरी लिहिते, कारण काही गोष्टी तारेत मावत नाहीत.

तुमचं टिपण सकाळपासून मोठ्यानं वाचत होते. पाचव्यांदा वाचताना एकदम बाईचाच आवाज ऐकू आला. तुम्ही एक अक्षर सोडलेलं नाही. शब्दाला शब्द देते:

"एवढ्या मोठ्यानं का बोललात? तो जिन्यात उभा आहे, सगळं ऐकतोय. मी तुम्हाला लिहिलंय हे त्याला माहीत नव्हतं, मी कार्डात तसं कळवलं होतं ना? तो मला म्हणतोय, सांगा, मी इथे राहत नाही. मी एका आईशी खोटं बोलणार नाही. पण आज जा. भांडण झालं की त्याचा खोकला वाढतो, रक्त पडतं. बिश्शुदबारी दहा वाजता मी त्याला गोळ्यांना नेते, मोठ्या हाशपातालाच्या मागे. तिकडे या. आणि घरी न्यायला आले म्हणू नका. तेवढं ऐकून तो पायरीवर मटकन खाली बसला. आता जा, त्या रस्त्यानं सरळ, मागे बघू नका."

बिश्शुदबार म्हणजे गुरुवार. बोलण्यात तसंच म्हणतात.

तो खोकला त्याचाच होता, वहिनी.

आता माझं ऐका. कार्डावर अकरा ओळी होत्या. मी चार गाळल्या. त्या अशा होत्या: "मी हे त्याच्या नकळत लिहिते आहे. पत्ता त्याच्या ट्रंकेतून घेतला. तुम्ही आलात तर माझं पत्र मिळालं असं बोलू नका, नाहीतर तो हे घरही सोडेल. विचारलं तर तो म्हणतो, मला घरी कुणी नाही."

शेवटची ओळ वाचली आणि मला वाटलं, आमची वहिनी हे वाचेल, ओठ आवळेल आणि म्हणेल, ठीक आहे, कुणी नाही तर नाही. आणि जाणार नाही. तुम्ही जावं म्हणून मी ती ओळ खाल्ली. आणि ती खायची तर तिच्या आधीच्याही खाव्या लागल्या, नाहीतर त्याच्या नकळत का म्हणून तुम्ही खोदत बसला असतात. वर तुम्हाला "तुमचं पत्र मिळालं" हे वाक्यही मीच शिकवलं, चहावर फुंकर घाला म्हणत! गाळलंय ते आठवत असूनही शिकवलं, कारण ते वाक्य यादीतून काढलं असतं तर तुम्ही का म्हणून विचारलं असतंत.

मला चार शिव्या देणारं पत्र तरी लिहा. पण आधी उद्याचं कळवा.

वन्सं


२० एप्रिल, रविवार
एक्स्प्रेस टपालानं

वन्सं,

तार गुरुवारी सकाळी पावणेनऊला मिळाली. पत्र काल.

सोमवार, मंगळवार, बुधवार मी रोज त्या घरी गेले होते. कडी आतून, कुणी उघडलं नाही. बुधवारी मी त्या बुटक्या इमारतीच्या पायरीपर्यंत जाऊन परत फिरले होते. त्यामुळे तारेतला पहिला शब्द वाचल्यावर पुढचं वाचायला मला थोडा वेळ लागला. व्यवस्थापकानं दारातूनच विचारलं, पाणी देऊ का.

क्षयाचा दवाखाना म्हणजे रुग्णालयाच्या मागे पत्र्याची लांब पडवी. मी पुढच्या इमारतीत याद्या वाचत होते, मागे गेलेच नव्हते. रांग पडवीतून बाहेर उन्हात आलेली, साठ-सत्तर माणसं, प्रत्येकाच्या हातात पिवळं कार्ड. टोकाला टेबलाशी एक नर्स. नंबर पुकारला की पुढे जायचं, तिच्यादेखत गोळ्या गिळायच्या, तोंड उघडून दाखवायचं, मग ती कार्डावर खूण करते आणि आठवड्याची पुडी देते. कामाची पद्धत चोख आहे.

मालकीणबाई दिसल्या, म्हणून तो दिसला. एरवी ओळखला नसता. निळा शर्ट मीच शिवून घेतलेला, चार वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या कुणाचा तरी मागून घातल्यासारखा लोंबत होता.

मी पंचवीस पावलांवर थांबले. घरी चल म्हणायचं नाही, एवढं तारेत होतं. मग काय म्हणायचं? वन्सं, मी घोटली ती सगळी वाक्यं परक्यांशी बोलायची. त्याच्याशी तर मराठीत बोलायचं होतं, आणि मराठीतलं एकही वाक्य माझ्याजवळ तयार नव्हतं.

तेवढ्यात त्यानं मला पाहिलं. त्याच्यापुढे चारच माणसं होती. तो रांगेतून बाहेर पडला. बाईंनी दंड धरला, त्यानं सोडवून घेतला आणि भिंतीला टेकून खोकत उभा राहिला. त्याचा नंबर आला. नर्सनं पुकारला. पुन्हा पुकारला. मग माझ्याकडे बोट करून तिनं त्याला काही विचारलं. तो म्हणाला, "चिनि ना."

हे मला लिहून घ्यावं लागलं नाही. ओळखत नाही.

नर्सनं पुढचं कार्ड हातात घेतलं होतं. खंड पडला तर काय, ते तुम्ही कळवलेलं मला तोंडपाठ आहे. मी तिथे उभी होते म्हणून तो गोळी घेत नव्हता. दुसरं काही कारण नव्हतं.

वर्गात मी एखाद्या मुलीच्या मागे उभी राहिले की तिची बोटं अडखळतात. मी सरकले की मशीन पुन्हा चालू होतं. तीस वर्षं हे ऐकते आहे. मी म्हटलं, "आमि जाच्छि. ओषुध खान." मी जाते, औषध घ्या. 'घ्या'च म्हटलं गेलं, तुम्ही तसंच शिकवलं होतं. आणि पाठ फिरवून फाटकाकडे चालू लागले. मागून तिसरा पुकारा ऐकू आला. त्यानंतर बराच वेळ नर्सनं पुढचा नंबर पुकारला नाही. गोळ्या गिळून तोंड दाखवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा.

फाटकाबाहेर झाड नाही, भिंतीला सावली नाही. मी तिथे उभी राहिले. लॉजवर जायचं म्हणजे त्याला न पाहता जायचं, ते जमेना. अर्ध्या-पाऊण तासानं ती दोघं बाहेर आली. तो माझ्यापासून चार हातांवरून गेला, नजर रस्त्यावर. थोडा पुढे जाऊन थांबला आणि बाईंना एक वाक्य बोलला, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. माझ्याकडे पाहिलं नाही. मग दोघं गेली. मी मागे गेले नाही.

आता तुमच्या चार ओळींबद्दल. माफ केलं वगैरे मी लिहिणार नाही, तुमचा विश्वासही बसणार नाही. मी तिथे ओरडले त्याला तुम्ही कारण आहात. पण तुम्ही चारही ओळी कळवल्या असत्यात तर? कालपासून मी याच प्रश्नाशी बसले आहे. "मला घरी कुणी नाही" हे वाचून मी ओठ आवळले असते, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. तिकीट काढलं असतं की नाही, ते मला सांगता येत नाही. सांगता येत नाही, एवढंच मी लिहून देते.

रजा वाढवण्याची तार इन्स्टिट्यूटला केली आहे. कारणाच्या रकान्यात "मुलगा आजारी" असं लिहिलं.

तो जे बोलला ते असं होतं: "माशिमा, ओनाके बोलबेन, आश्छे बिश्शुदबार छाता आन्ते." वही पिशवीतच होती. काढली नाही. लॉजवर येईपर्यंत तोंडानं म्हणत आले, तरी एक अक्षर हललेलं नाही. मला वाटतं, त्यानं बाईंना मावशी अशी हाक मारून सांगितलं की त्यांना, म्हणजे मला, सांगा, येत्या गुरुवारी छत्री आणायला. काल बाजारात जाऊन मी एक छत्री घेतली. दुकानदाराला "छाता" म्हटलं, त्यानं छत्रीच काढून दिली. पण बाकीच्या शब्दांत "येऊ नका" असंही काही असू शकतं, आणि मला वाटणं आणि तसं असणं यांत काय अंतर असतं ते या गावात मी एकदा भोगलं आहे.

म्हणून असं करा. माझं चुकत असेल तर हे मिळताच तार करा, म्हणजे मागच्यासारखी गुरुवारी सकाळी नऊच्या आत पोचेल. बरोबर असेल तर काही पाठवू नका. बुधवारी दुपारपासून मी लॉजच्या दाराशी खुर्ची टाकून बसते. गुरुवारी नऊपर्यंत तारवाला आला नाही, तर दहाच्या आधी छत्री घेऊन फाटकाबाहेर उभी असेन.

वहिनी